टाचेवरची शीर सकाळी आखडते, जानेवारीची हाफ सोडून देऊ का?

दादरचा पळकुटा

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. वय ३८, ऑफिस लोअर परेलला, दिवसभर खुर्चीत. गेल्या जानेवारीत पहिली हाफ मॅरेथॉन केली, माहीमहून निघून अंधारात सी लिंकवरचं ते वारं अंगावर घेतलं आणि किडाच लागला. पण पावसाळा आला आणि नेहमीचंच, जून ते गणपती पळणं जवळपास बंद, कारण शिवाजी पार्कात चिखल आणि रस्त्यावर खड्डे. गणपती गेल्यावर भानावर आलो की अरे जानेवारी आलीच, मग आठवड्याला १२ किमी चाललं होतं ते दोन-तीन आठवड्यांत ३५ वर नेलं, वर ग्रुपबरोबर दोन रविवार बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीचा चढ मारला, आणि त्यातच सेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून एकदम सपाट सोलचे शूज घेतले. (हो, लिहिताना मलाच कळतंय.)

आता दुखणं असं. डाव्या पायाच्या टाचेच्या वर, साधारण तीन बोटं वर, जी जाड दोरीसारखी शीर असते ना, तिथे. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की काठी झाल्यासारखा पाय, भिंतीला धरून बाथरूमला जातो, दहा मिनिटांनी सुटतो. पळायला सुरुवात केली की पहिला किलोमीटर दुखतं, मग गायब, म्हणून मी पळतच राहिलो. चिमटीत धरून बघितलं तर उजव्यापेक्षा डावी शीर जाड लागते आणि दाबलं की आई गं.

दोन आठवडे पूर्ण आराम केला. आईने आंबेहळदीचा लेप लावला, दुखणं शून्य. खूश होऊन पार्काला पाच राउंड मारले तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत भिंत धरून. आता कोणी म्हणतं महिनाभर झोपून राहा, कोणी म्हणतं पायरीवर उभा राहून ताण, कोणी म्हणतं मालिश कर. हाफचे पैसे भरून झालेत, अजून दहा आठवडे आहेत. काय करू?

परळ बॉय

भाऊ एवढं काय टेन्शन घेतोस. आमच्याकडे एक मालिशवाले आहेत, कबड्डीची सगळी पोरं त्यांच्याकडेच जातात, तिळाचं तेल गरम करून अंगठ्याने अशी शीर मोकळी करतात की डोळ्यांत पाणी येतं पण दुसऱ्या दिवशी पाय फुलासारखा. नाहीच जमलं तर डॉक्टरकडून टाचेत एक इंजेक्शन घे. माझ्या मेव्हण्याने खांद्यात घेतलं होतं, चौथ्या दिवशी बॉलिंग टाकत होता.

ठाण्याची फिजिओ

आधी सांगते की मी फिजिओ असले तरी लिहिलेलं वाचून निदान होत नाही, प्रत्यक्ष दाखवावंच लागेल. पण तुम्ही लिहिलंय ते अकिलीस टेंडिनोपथीचं (अकिलीस म्हणजे टाचेवरची हीच जाड शीर, टेंडिनोपथी म्हणजे तिचं दुखणं) अगदी पाठ्यपुस्तकातलं चित्र आहे: सकाळचा आखडलेपणा, गरम झालं की कमी, जाड झालेली शीर, आणि टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटीमीटर वरची जागा.

परळ बॉय, राग नको, पण ते इंजेक्शन म्हणजे बहुधा स्टेरॉइड, आणि अकिलीसमध्ये ते देणं बहुतेक डॉक्टर टाळतात कारण दुखणं दबतं पण शीर कमकुवत होऊन तुटायची भीती राहते. खांद्याचं गणित वेगळं. तेल-मालिश पोटरीला करा हवी तर, बरं वाटतं, पण दुखऱ्या शिरेवर अंगठा रगडून काही मोकळं होत नाही, उलट चिडते. लेपाने आईला बरं वाटेल, लावा.

आता आरामाचं. ही शीर पोटरीचे दोन स्नायू टाचेच्या हाडाला जोडते, आणि पळताना तिच्यावर तुमच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या त्या दोरीला प्रत्येक पावलाला चार-पाचशे किलो झेलायचेत. तुम्ही दोन आठवडे झोपलात तेव्हा तिच्यावर ताणच नव्हता म्हणून दुखलं नाही, पण त्या दोन आठवड्यांत ती आणि पोटरी दोन्ही अजून थोड्या ढिल्या पडल्या, आणि मग एकदम पार्काचे पाच राउंड. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जणांची हीच गोष्ट असते, आराम-पळ-दुख, आराम-पळ-दुख, असं वर्ष जातं. शिरेला ताण हवाच, मोजून मापून हवा.

यावर एक गंमत सांगते, आमच्या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. स्वीडनचे हाकान आल्फ्रेडसन, स्वतः हाडांचे सर्जन आणि पळणारे, त्यांची अकिलीस दुखत होती आणि त्यांना ऑपरेशन करून हवं होतं, पण वरिष्ठ तयार होईनात. तर या बाबाने ठरवलं की शीर इतकी त्रासवायची की तुटलीच पाहिजे, मग करावंच लागेल ऑपरेशन. म्हणून दुखत असताना मुद्दाम टाच खाली सोडण्याचा व्यायाम रोज रोज केला, आणि शीर तुटायच्या ऐवजी बरी झाली. मग १९९८ मध्ये त्यांनी १५ पळणाऱ्यांवर बारा आठवडे तोच व्यायाम करून घेतला आणि सगळे परत पळायला लागले. तेव्हापासून जगभर हेच करतात, थोडेफार बदल करून.

करायचं कसं: जिन्याच्या पायरीच्या कडेवर पायाचा पुढचा भाग, टाचा हवेत, हात कठड्यावर. दोन्ही पायांनी वर चढा, मग सगळं वजन डाव्यावर घ्या आणि हळूहळू, मनात एक-दोन-तीन मोजत, टाच पायरीच्या खाली जाऊ द्या. परत वर येताना उजव्या पायाची मदत. १५ वेळा, असे तीन सेट गुडघा सरळ ठेवून आणि तीन सेट गुडघा थोडा वाकवून, कारण वाकवल्याशिवाय आतल्या सोलिअस स्नायूवर जोर नीट येत नाही आणि पळताना तोच जास्त राबतो. मूळ पद्धतीत हे दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८० वेळा होतं. ऑफिसवाल्यांना ते झेपत नाही हे मला माहितेय, त्यामुळे मी बऱ्याच जणांना एक दिवसाआड, कमी वेळा पण जड वजन घेऊन आणि अगदी संथ करायला लावते, त्याचाही निकाल तितकाच चांगला येतो. वजन कुठून आणायचं? पाठीवर सॅक आणि त्यात पाच किलोचं आट्याचं पाकीट. नंतर दोन.

थोडं दुखलं तर चालेल. शून्य ते दहात पाचपर्यंत दुखणं चालतं, अट एकच, दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या सकाळपेक्षा जास्त आखडलेलं नको. रोज पलंगावरून उतरल्यावर किती मिनिटांत पाय सुटतो ते कॅलेंडरवर लिहा. १० ची १५ झाली तर काल जास्त झालं, १० ची ६ झाली तर वाढवा. याच्याइतकं चांगलं मीटर माझ्या क्लिनिकमध्येही नाही.

अगदी टाचेच्या हाडाला चिकटून दुखत असेल तर मात्र पायरीखाली टाच सोडू नका, सपाट जमिनीवर करा, आणि पायरीवर उभं राहून ताणणंही बंद, कारण तिथे शीर हाडावर दाबली जाते. घरात सपाट स्लीपर घालत असाल तर काही आठवडे थोडी टाच असलेली चप्पल घाला. ते सेलमधले शूज आत्ता कपाटात, जुने काढा.

आणि एक प्रश्न, गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली होती का? सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन असं नावात फ्लॉक्सासिन असलेली? त्या गटाने शिरांना इजा होऊ शकते, अमेरिकेच्या औषध खात्याने २००८ मध्येच त्यावर ठळक इशारा छापायला लावलाय.

पहाटेचा काका

फिजिओ ताईंनी लिहिलंय त्यातलं अक्षर न अक्षर माझ्या पायावर कोरलंय. वय ५६, शिवाजी पार्कला वीस वर्षं फेऱ्या मारतोय. माझी उजवी अकिलीस तीन वर्षं दुखली रे बाबा, तीन वर्षं, आणि त्यातली अडीच माझ्या हट्टापायी. दरवेळी थोडं बरं वाटलं की व्यायाम बंद आणि पळणं चालू. शेवटी बायकोने शूज माळ्यावर टाकले आणि सांगितलं आधी चार महिने जिना कर. आमची चाळ, लाकडी जिना, सकाळी साडेपाचला कर्र कर्र ऐकून खालच्या वहिनी रोज विचारायच्या कोण चढतंय कोण उतरतंय. पण जमलं.

आता तुझं. मुंबईतल्या पळणाऱ्याला हा आजार ऑक्टोबर-नोव्हेंबरलाच का होतो माहितेय का? पावसाळ्यात चार महिने बसायचं आणि मग जानेवारीच्या भीतीने धावायचं. मी आता पावसाळ्यात पळणं बंद झालं तरी पोटरीचा व्यायाम बंद करत नाही, आठवड्यातून दोनदा, त्याला पाऊस लागत नाही ना पंखा. बिल्डिंगचा जिना चढतो, पोर्चमध्ये दोरीवरच्या थोड्या उड्या मारतो. मग गणपतीनंतर जिथे सोडलं तिथून सुरू करत नाही, निम्म्यापासून करतो. आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, अंतर वाढवलं तर चढ नाही, चढ घेतला तर वेग नाही, शूज बदलले तर दोन्ही नाही. तू तिन्ही एकदम केलंस.

हाफचं म्हणशील तर ताई काही बोलल्या नाहीत पण मी बोलतो, यंदाची सोड. दहा आठवडे हे शिरेच्या हिशोबात काहीच नाहीत, आणि सी लिंक सपाट असला तरी शेवटी पेडर रोडचा चढ आहे, तिथे दमलेली पोटरी काय करते ते मी बघितलंय. पैसे गेले तर गेले, दोन महिने वडापाव कमी खा.

ठाण्याची फिजिओ

काका, सोडायची की नाही ते आत्ताच नको ठरवायला. चार आठवडे व्यायाम करून सकाळचा आखडलेपणा जवळपास गेला, एका पायावर २० वेळा टाच उचलता आली, जागच्या जागी एका पायावर उड्या मारून दुखलं नाही, तर मिनिटभर पळ मिनिटभर चाल असं एक दिवसाआड सुरू करता येईल. मग हाफ चालत-पळत होईलही कदाचित. वेळ लावून पळायची असेल तर मात्र तुमचं बरोबर, यंदा नाही.

पहाटेचा काका

चालत-पळत म्हणून निघतो आणि शेजारून कोणी सत्तरीचे आजोबा पुढे गेले की मग कोणी चालत नाही ताई. माणसाचा स्वभाव आहे.

शटलवाली

मी पळत नाही, बॅडमिंटन खेळते, वय ४४, मुलुंड. लिहायचं नव्हतं पण "मग गायब होतं म्हणून पळतच राहिलो" हे वाचलं आणि राहवलं नाही. माझीही शीर अशीच सात-आठ महिने सकाळी आखडायची, मी दुर्लक्ष केलं. एका शनिवारी डबल्स, समोरच्याने ड्रॉप टाकला, मी मागून पुढे झेपावले आणि फट्ट. मला वाटलं पार्टनरने मागून रॅकेट मारली, वळून त्याला म्हटलंसुद्धा अरे काय, तर तो चार फूट लांब उभा. दुखलं फार नाही हो, तेच तर फसवं आहे. पाय मात्र ओल्या पोह्यासारखा, जोरच लागेना.

जवळच्या एका दवाखान्यात गेले, त्यांनी पाऊल खाली दाबायला सांगितलं, मी दाबलं, म्हणाले शीर शाबूत आहे, पोटरी लचकलीये, क्रेप बँडेज आणि गोळ्या. तीन आठवडे लंगडत ऑफिसला जात होते. मग दुसऱ्या डॉक्टरांनी मला पालथं झोपवलं, पाय पलंगाबाहेर लटकता, आणि पोटरी दाबली. उजवं पाऊल टुणकन हललं. डावं ढिम्म. पाच सेकंदांची टेस्ट, थॉमसन टेस्ट म्हणतात तिला. पाऊल खाली दाबायला बाकीच्या छोट्या शिराही मदत करतात, म्हणून नुसतं त्यावरून आणि चालता येतंय यावरून काही ठरत नाही. बास्केटबॉलवाल्या कोबी ब्रायंटने २०१३ मध्ये शीर तुटल्यावर दोन फ्री थ्रो मारले होते आणि स्वतःच्या पायांनी बाहेर गेला होता, ते नंतर मुलाने दाखवलं मला.

उशीर झाल्यामुळे माझं ऑपरेशनच करावं लागलं. वेळेत कळलं असतं तर प्लॅस्टरसारखा कडक बूट घालून, पाऊल खाली झुकवून, टाचेखाली पाचरी ठेवून हळूहळू एकेक काढत बिनऑपरेशनचंही बरं होतं म्हणे. नॉर्वेतल्या मोठ्या अभ्यासात, २०२२ चा आहे, वर्षभरानंतर दोन्हीकडच्या लोकांचे पाय सारखेच निघाले, फक्त ऑपरेशन न केलेल्यांत परत तुटायचं प्रमाण १०० मध्ये ६ आणि केलेल्यांत १ पेक्षा कमी, पण ऑपरेशनमध्ये नसेला धक्का लागायचा धोका जास्त. डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं होतं, म्हणून लक्षात आहे.

पुढचं वर्ष सांगत नाही, फक्त एवढंच की बूट घालून मुलुंडचा पूल चढणं आणि गर्दीत बायकांच्या डब्यात कोणीतरी त्या बुटावर पाय देणं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. कोर्टवर परत यायला मला चौदा महिने लागले. आणि अजूनही डाव्या पायावर टाच पूर्ण वर जात नाही, शीर थोडी लांबट भरली. ऑपरेशननंतर पोटरी एकदम सुजून गरम झाली, दम लागला तर मात्र रात्र असो पहाट असो हॉस्पिटल गाठायचं, पाय हलवत नसल्यामुळे रक्ताची गुठळी होऊ शकते, हे मला डिस्चार्जच्या वेळी नर्सने तीनदा सांगितलं होतं.

परळ बॉय

बापरे. मी मागचं इंजेक्शनवालं परत घेतो. मॅडम एक विचारू का, आमच्यात दहीहंडीला एकाला असंच फट्ट झालं होतं, तो अजून नीट पळत नाही, दोन वर्षं झाली. आता काही होईल का?

ठाण्याची फिजिओ

होऊ शकतं, पण जुनी केस जिन्यावर सुटणार नाही. हाडांच्या डॉक्टरकडे पाठवा, सोनोग्राफी किंवा एमआरआय करून दोन टोकांत किती अंतर आहे ते बघावं लागेल. आणि मित्राला सांगा, अशा जखमेला वेळ लागतोच. शमीचंच बघा, फेब्रुवारी २०२४ मध्ये टाचेची सर्जरी झाली आणि रणजीत उतरायला नोव्हेंबर उजाडला, मध्ये गुडघाही सुजला होता, आणि त्याच्या दिमतीला किती माणसं असतील.

दादरचा पळकुटा

सगळ्यांचे आभार, शटलवाली ताईंचं वाचून रात्री झोप नाही आली. ड्रॉवर उपसला. ऑगस्टमध्ये पाणीपुरी खाऊन पोट बिघडलं होतं तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली स्ट्रिप सापडली, पाच दिवस घेतल्या होत्या. मागे लिहिलंय ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल. म्हणजे त्यामुळेच झालं का हे सगळं?

ठाण्याची फिजिओ

तसं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. १२ वरून ३५ किमी, चढ आणि सपाट शूज एवढं पुरेसं आहे, गोळीने हातभार लावला असेल किंवा नसेलही. पण डॉक्टरांना ती स्ट्रिप दाखवा आणि पुढच्या वेळी पोट बिघडलं तर माझी शीर दुखते हे आधी सांगून मग औषध घ्या. बहुतेक वेळा मीठ-साखरेच्या पाण्यावर भागतं. आणि आज एक करा, एका पायावर उभं राहून टाच किती वेळा पूर्ण उचलता येते ते मोजा. आधी उजवा, मग डावा.

दादरचा पळकुटा

उजवा २३. डावा ९, आणि नववा अर्धाच. आई दारात उभी राहून मोजत होती, म्हणाली अर्धा धरायचा नाही, म्हणून ८.

पहाटेचा काका

माझे सुरुवातीला ५ होते. आता २५. सॅकमध्ये आटा भरताना पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, माझं एकदा जिन्यात फुटलं, वहिनी अजून बोलून दाखवतात.